सहीपुरती बहीण

कर्जत तालुक्यात कशेळ्याच्या अंगाला आमची वडिलोपार्जित भातशेती आहे. मुंबईकरांची फार्महाउसं त्या बाजूला उभी राहीपर्यंत त्या जमिनीची कुणाला फिकीर नव्हती. दलालांच्या गाड्या बांधाशी थांबायला लागल्या आणि मोठ्या भावाला एकाएकी बहिणीची आठवण झाली. वहिनी साडी घेऊन खोपोलीला आली. "वन्सं, वारस नोंदीचं राहिलंय, एक सही लागेल," म्हणाली.

वारस नोंदीला दुय्यम निबंधक कशाला लागतो? तिथे फोटो-अंगठा व्हायच्या आत मी कागद हातात मागितला. भाऊ म्हणाला, "वाचतेस काय, मी परका आहे का?" परका असता तर बरं झालं असतं. कागदाच्या माथ्यावर 'हक्कसोडपत्र'. मी माझा हिस्सा 'स्वखुशीने, विनामोबदला' सोडत होते आणि साक्षीदार होता दलालाचा माणूस! मी उठले. मग व्हरांड्यात, स्टॅम्पवेंडरच्या देखत, "माहेर हवंय की जमीन, ते ठरव." गावात आज लोभी मीच ठरले आहे, म्हणून हे लिहायला घेतलं.

सातबारा काढला. बाबा २००३ साली गेले, तेव्हाच्या फेरफारात दोघे भाऊ भोगवटादार, आणि आई व मी 'इतर हक्क' रकान्यात. आमच्याकडे कित्येक घरांत हेच आहे. तेव्हा बायांनो, सातबाऱ्यावर नाव दिसलं म्हणून समाधान मानू नका, कुठल्या रकान्यात आहे ते बघा. फेरफाराची नक्कल घ्याच. वारसांचा जबाब कोणी दिला ते तिथेच कळतं. जुन्या उताऱ्यावर नावापुढे 'ए.कु.मॅ.' असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, एकटा मालक नव्हे. फेरफाराविरुद्ध अपील प्रांताकडे करायचं. मुदत ६० दिवसांची, उशीर झाला असेल तर कारण लेखी द्यायचं. कर्जत आणि खालापूर दोन्ही तालुक्यांचे प्रांत कर्जतलाच बसतात. पण महसुली नोंदीने मालकी ठरत नाही, हिस्सा शेवटी दिवाणी न्यायालयच ठरवतं.

भावाचं पालुपद असं, की मुलींच्या हक्काचा कायदा २००५ चा, बाबा आधीच गेले, तुझा संबंध नाही. ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा वाद मिटवलाय: मुलीचा हक्क जन्माने आहे, २००५ साली वडील हयात असायची गरज नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेलं वाटप मात्र उकरता येत नाही. आमच्यात वाटप झालंच नव्हतं. आणि हे सारं बाजूला ठेवलं तरी मृत्युपत्र न करता गेलेल्या बापाची मुलगी १९५६ पासून वारस आहेच.

मग कराची भीती घातली. "तुझं नाव लागलं की इन्कम टॅक्स मागे लागेल." वारसाने मिळालेल्या जमिनीवर कर नाही, मृत्युकर १९८५ सालीच गेला. विकताना बघायचं ते एवढंच, की जमीन नगरपरिषदेच्या हद्दीत किंवा हद्दीपासून सरळ रेषेत दोन किलोमीटरच्या आत आहे का. हे अंतर दहा हजार ते एक लाख वस्तीच्या गावांसाठी. कर्जत, खोपोली त्यातच येतात. त्यापलीकडची खरी शेतजमीन भांडवली नफ्यात धरत नाहीत. कशेळं कुठे, कर्जत कुठे!

आई गेल्यावर तिच्या ठेवींवर "नॉमिनी मीच" म्हणून हात ठेवला. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकरांच्या कुटुंबातल्या शेअर्सच्या खटल्यात १४ डिसेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. एवढ्या मोठ्या घरात वाद होतो, तिथे आमची काय कथा.

आईबाप हयात असतील तर मृत्युपत्र करायला लावा. स्टॅम्प लागत नाही, दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी सक्तीची नाही, तरी कराच. कागदपत्रं जपून ठेवा, वकील चांगला बघा, हे सगळे सांगतातच. मी सांगते ते वेगळं: गावचे नवे फेरफार 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर अधूनमधून बघत जा, आणि भांडणाची चाहूल लागताच न्यायालयात कॅव्हेट टाका, म्हणजे आपलं ऐकल्याशिवाय आदेश होत नाही. ती नव्वद दिवसच चालते, पुन्हा टाकावी लागते.

आमचा दावा कर्जतला चालू आहे. दलालाने म्हणे दुसरीकडे जमीन धरली. त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर.