कॅल्शियमचं दार आणि माझी केटी

मागच्या सेमला एम-थ्रीच्या आदल्या रात्री मी रात्रभर जागून घोकंपट्टी केली. रबाळे स्टेशनवरून पहिली लोकल गेल्याचा आवाज आला तेव्हा सगळं पाठ होतं. पेपर हातात आला आणि डोकं कोरं! केटी लागली. तेव्हापासून प्रश्न पडलाय, लक्षात राहतं म्हणजे नक्की काय होतं? (माझं मराठी कॉन्व्हेंटचं, सांभाळून घ्या.)

मेंदूतल्या दोन पेशींच्या जोडाला सिनॅप्स म्हणतात. मध्ये बारीक फट असते. विजेचा सिग्नल पहिल्या पेशीतून सोडियमच्या दारांमुळे पुढे सरकतो. मुंबईत टीआयएफआरमध्ये १९६२ साली मॉलिक्युलर बायोलॉजी सुरू करणाऱ्या ओबेद सिद्दीकींनी सेमूर बेंझर यांच्यासोबत १९७६ मध्ये, तापमान वाढताच लुळ्या पडणाऱ्या फळमाशांच्या चेतासंस्थेतले बिघाड दाखवले. त्यातलं ‘पॅरा’ हे जनुक पुढे सोडियमच्या दाराचंच निघालं.

सिग्नल टोकाला पोचला की कॅल्शियम चॅनेल उघडतात. बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट जास्त, त्यामुळे ते धाडकन आत शिरतं आणि ग्लुटामेट हे रसायन फटीत सोडलं जातं.

खरी गंमत पलीकडच्या पेशीत आहे. तिथल्या एनएमडीए रिसेप्टरमधूनही कॅल्शियम आत जातं, पण त्याला मॅग्नेशियमचं बूच असतं. ग्लुटामेट आलं आणि त्याच वेळी ती पेशीही पुरेशी उत्तेजित असली, तरच वाट मोकळी होते. म्हणजे आपलं अँड गेटच की!

कॅल्शियम एकदम भरपूर आलं तर कॅमके-टू हे एन्झाइम जागं होतं, एएमपीए रिसेप्टर वाढतात आणि जोड पक्का होतो. तेच थोडंथोडं, बराच वेळ येत राहिलं तर जोड उलट कमकुवत होतो. जोराच्या सिग्नलनंतर जोड तासन्‌तास पक्का राहतो, हे ब्लिस आणि लोमो यांनी १९७३ मध्ये सशाच्या मेंदूत दाखवलं.

पण कॅल्शियम ही फक्त सुरुवात. जोड दिवसेंदिवस टिकायला पेशीला नवी प्रथिनं बनवावी लागतात. त्याला वेळ लागतो, आणि आठवण पक्की होण्यात झोपेचाही वाटा असतो. मी नेमकी झोपच कापली होती!

असो. यंदा एम-थ्री रोज एक तास, आणि रात्री झोप. रूममेट हसतेय. निकाल लागू दे, मग बघू कोण हसतं ते.