बाळंतिणीची कंबरदुखी आणि योगासने

सभासद बंधूंनो, विषय ऊस विभागाचा नाही, तरी लिहितो. ऊस तुटला की खोडव्याच्या बगला फोडून आपण खत देतो. घरच्या बाळंतिणीच्या डोक्यावर मात्र सव्वा महिन्यातच वैरणीचा भारा! गरोदरपणात सैलावलेले सांधे आणि ताणलेले पोटाचे स्नायू सावरायला काही महिने लागतात; कंबर दुखते ती बहुधा त्यानेच. औषधाच्या जोडीला हलकी आसने केल्यास उतार पडू शकतो. साधे बाळंतपण असेल तर दीर्घ श्वसन, आणि लघवी रोखल्यासारखे खालचे स्नायू आवळून सोडणे, हे थोड्याच दिवसांत पडल्यापडल्या जमते. मार्जारासन, सेतुबंधासन सहा आठवड्यांनी, डॉक्टरांना विचारून. सिझेरियन असल्यास आणखी सावकाश. नौकासनाची घाई नकोच, पोटावर ताण येतो. ताप, जादा रक्तस्राव किंवा पोटरीला सूज दिसली तर आसने राहू द्या, लगेच दवाखाना गाठा.