वाढत्या अंगाचा चेंडू

सांगलीला आमच्याकडं जून उजाडला की गणवेश शिवायला टाकायचा, आणि आईचं शिंप्याला एकच सांगणं असायचं, "वाढत्या अंगाचा शिवा." स्कर्टची दुमड तीन बोटं जास्त, बूट एक नंबर मोठे आणि पुढं कापसाचा बोळा. दोन वर्षं तरी निघाली पाहिजेत. घरची ओढाताण पाहता तो हिशेब बरोबरच होता. पण तोच हिशेब मनात धरून मी न्यू जर्सीत माझ्या आठ वर्षांच्या मुलीच्या बास्केटबॉल संघाची कोच झाले, आणि पहिल्याच हिवाळ्यात तो मला सोडावा लागला.

टाउनशिपच्या रिक्रिएशन लीगचा निरोप आला होता की तिसरीच्या मुलींच्या एका संघाला कोच नाही. पालकांपैकी कुणी पुढं आलं नाही तर तो संघ होणार नाही. मी शाळेत सहा वर्षं खो-खो खेळले होते, बास्केटबॉल कधीच नाही. तरी हो म्हटलं. माझी पार्श्वभूमी तपासली गेली, डोक्याला मार लागला तर काय करायचं याचं प्रशिक्षण झालं, स्वयंसेवक कोचसाठी रटगर्स विद्यापीठाचा तीन तासांचा सुरक्षावर्ग असतो तोही केला. डिसेंबर ते मार्च, आठवड्यात एक संध्याकाळ सराव आणि शनिवारी सामना. असे तीन हिवाळे झाले. त्यातून हाती लागलं ते असं.

१. चेंडू मुलाच्या मापाचा घ्या. मी दुकानातून ७ नंबरचा आणला. घेर साडेएकोणतीस इंच, वजन सहाशे ग्रॅमच्या वर. म्हटलं, खरा चेंडू घेतला की मोठेपणीही चालेल. मुलगी तो कमरेपासून दोन्ही हातांनी, पाणी भरलेली कळशी उचलावी तसा उचलायची, सगळं अंग मागं नेऊन फेकायची. महिनाभरात ती सवय तिच्या हातात बसली आणि काढायला पुढचा अख्खा हिवाळा गेला. एनबीए आणि यूएसए बास्केटबॉल यांनी लहान मुलांसाठी एकत्र केलेली मार्गदर्शक तत्त्वं मी नंतर वाचली: सात-आठ वर्षांना ५ नंबर, म्हणजे साडेसत्तावीस इंची, नऊ ते अकराला ६ नंबर. ७ नंबर हा पुरुषांचा चेंडू. बायकांचे सामने, अगदी ऑलिंपिकचेसुद्धा, ६ नंबरनं खेळतात. म्हणजे मी घेतलेला चेंडू माझ्या मुलीला मोठेपणीही होणार नव्हता. हे कळलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं.

२. रिंग खाली घ्या. ज्या शाळेच्या जिममध्ये आमचे सामने होत, तिथं रिंग खालीवर करायची सोय होती, पण पहिले तीन आठवडे ती कुणी वापरली नाही, आणि ती आहे हे मला माहीत नव्हतं. दहा फुटांवरच्या रिंगवर आठ वर्षांच्या मुली. पहिला सामना आम्ही ४-२ असा हरलो. दोन्ही संघ मिळून तीन बास्केट! निम्मे चेंडू जाळीपर्यंतही पोचले नव्हते.

हे दहा फूट आले कुठून, ते शोधलं. १८९१च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ या शिक्षकाला हिवाळ्यात घरात खेळता येईल असा खेळ हवा होता. त्यानं इमारतीच्या शिपायाकडं दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, पीचच्या टोपल्या होत्या. त्या त्यानं जिमच्या सज्ज्याच्या कठड्याला ठोकल्या. सज्जा दहा फुटांवर होता, म्हणून टोपली दहा फुटांवर. आणि खाली खेळणारे होते अठरा वाढलेले तरुण. लहान मुलीच्या खांद्याचा आणि त्या आकड्याचा काही संबंध नाही. सात-आठ वर्षांना आठ फूट, नऊ ते अकराला नऊ फूट, बाराव्या वर्षापासून दहा, असं आता सांगितलं जातं. रिंग आठ फुटांवर आली त्या शनिवारी आमच्या पाच मुलींनी बास्केट केलं. त्यांतल्या एकीनं चेंडू आत गेल्यावर दोन्ही हात तोंडावर ठेवले आणि तशीच उभी राहिली. खेळ तिच्या अंगावरून पुढं निघून गेला तरी तिला भान नव्हतं.

३. बोलणं कमी करा. पहिल्या सरावात मी सहा मिनिटं बचाव समजावून सांगितला. एक मुलगी दुसरीची वेणी घालत होती, दोघी जमिनीवरच्या रंगीत रेषा बोटानं गिरवत होत्या. खो-खोत बसलेल्या खेळाडूला पाठीमागून एक अक्षर ऐकू येतं, 'खो', आणि ती उठून धावते. आमचे पी.टी.चे सर याहून जास्त बोलल्याचं मला आठवत नाही. म्हणून मीही एकेक शब्द शोधले. धावता धावता दोन्ही पायांवर एकदम थांबायचं, ज्याला इथं जंप स्टॉप म्हणतात, त्याला आम्ही म्हणतो 'स्टॅच्यू'. लहानपणी गल्लीत खेळायचो तोच. संघात तेलुगू, गुजराती, चिनी, इटालियन घरांतल्या मुली. सगळ्यांना तो शब्द एका दिवसात आला. चेंडू हातात धरून चालत सुटण्याची चूक, जी या वयात मिनिटाला एकदा होते, ती निम्म्यावर आली.

४. मोजे आणि नाड्या. जॉन वूडन हे यूसीएलए विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे कोच होते. त्यांच्या संघानं बारा वर्षांत दहा राष्ट्रीय अजिंक्यपदं जिंकली, आणि ते नव्या खेळाडूंना पहिल्या दिवशी मोजे नीट कसे घालायचे ते शिकवत. मोज्याला चुणी राहिली की फोड येतो. मी दारातच सगळ्यांच्या नाड्यांना दुहेरी गाठ मारून घेते. तासाभराच्या सरावात दहा मिनिटं वाचतात.

५. आपल्याकडचे खेळ जसेच्या तसे चालतात. हे मला सगळ्यात उशिरा सुचलं, कारण माझ्या मनात होतं की बास्केटबॉल त्यांचा, त्यांच्याच पद्धतीनं शिकवला पाहिजे. मुली एका रांगेत उभ्या, एक चेंडू जमिनीवर आपटत, म्हणजे ड्रिबल करत, जातेय आणि सात जणी बघतायत, असं चाललं होतं. मग एकदा विष-अमृत घेतलं, प्रत्येकीच्या हातात चेंडू देऊन. विष मिळालं की जागच्या जागी ड्रिबल करत राहायचं, अमृत मिळालं की सुटायचं. कोण आपल्याला पकडायला येतंय हे बघायचं तर मान वर हवी, चेंडूकडं बघून भागत नाही. 'मान वर' हे दोन शब्द मी तोपर्यंत शंभर वेळा ओरडले असेन. त्या दिवसानंतर ते म्हणायची वेळ फारशी आली नाही.

ले-अपचं, म्हणजे धावत जाऊन उडी मारत बास्केट करण्याचंही, तसंच. उजव्या हातानं चेंडू टाकायचा तर उडी डाव्या पायावरून. मुली नेमकी उलटी उडी घेतात. मी संघाला लंगडी शिकवली. एका बास्केटखालून दुसऱ्याखाली, डाव्या पायावर, सगळ्यांना धरत. दोन आठवडे फक्त लंगडी. नंतर म्हटलं, उजवा गुडघा आणि उजवा हात एकाच दोरीला बांधलेत, कळसूत्री बाहुलीसारखे. हात वर गेला की गुडघा वर. पाय आपोआप बरोबर पडले. खो-खोत पळताना आम्ही खांदा एकीकडं टाकून दुसरीकडं निघायचो ती हुलकावणीही शिकवली. तीस वर्षांनी ती माझ्या अंगातून तशीच बाहेर आली, आणि मुलींच्या डोळ्यांत आश्चर्य दिसलं तेव्हा सांगलीचं ते लाल मातीचं मैदान मला जिममध्ये दिसलं.

६. पाळ्या आदल्या रात्री कागदावर लिहा. आठ मिनिटांचे चार डाव, दर चार मिनिटांनी बदल. म्हणजे आठ वेळा पाच-पाच जणी, एकूण चाळीस जागा. आठ मुली आल्या तर प्रत्येकीला पाच पाळ्या. सात आल्या तर पाच जणींना सहा आणि दोघींना पाच. त्या दोघींची नावं वहीत लिहून पुढच्या शनिवारी भरून काढायची. हे सामना चालू असताना ठरवता येत नाही. एकदा शेवटची चार मिनिटं उरली होती, बरोबरी होती, आणि मी कागद बाजूला ठेवून जी चांगली खेळत होती तिलाच ठेवलं. जिची पाळी होती ती काही बोलली नाही. आत जायला उभी राहिली होती, ती परत बसली. तिचे आजी-आजोबा हैदराबादहून नातीला भेटायला आले होते आणि तो एकच सामना बघणार होते. आम्ही जिंकलो. पार्किंगमध्ये जाऊन मी तिची आणि त्यांची माफी मागितली. आजोबा म्हणाले, असू द्या. पण त्यांचं विमान बुधवारी होतं.

७. मनगटाच्या पट्ट्यांबद्दल जपून. या वयाच्या लीगमध्ये सामन्याआधी दोन्ही कोच भेटतात आणि मैदानावरच्या पाचही मुलींना रंगीत पट्ट्या देतात. लालनं समोरच्या लालला अडवायचं, निळीनं निळीला. तरबेज मुलीसमोर तरबेज, नवखीसमोर नवखी, म्हणजे कुणाची दमछाक होत नाही. पद्धत फार चांगली आहे. मी सोयीसाठी रंग ठरवून टाकले होते: लाल सर्वांत तरबेज, मग निळा, हिरवा, पिवळा, आणि शेवटी जांभळा.

पहिल्या हिवाळ्यातली, जानेवारीतली गोष्ट. संघातली सर्वांत लहान चणीची मुलगी, जी चेंडू अंगावर आला की डोळे मिटायची, माझ्याजवळ आली. जांभळी पट्टी हातात धरून तिनं विचारलं, "कोच, जांभळा म्हणजे ज्यांना येत नाही त्या ना?" आवाजात तक्रार नव्हती. तिनं पाच शनिवार बघून, मोजून, स्वतःच निष्कर्ष काढला होता आणि खात्री करून घ्यायला आली होती.

मी नाही म्हणाले असते तर तिला खोटं कळलं असतं. मी तिच्याएवढी खाली बसले आणि म्हटलं, "तुला पट्टी देताना मी विचार नीट केला नाही. पुढच्या शनिवारी तूच रंग निवड." पुढच्या शनिवारपासून रंग दर सामन्याला बदलले. जोड्या त्याच, तोलामोलाच्याच. समोरच्या कोचला फक्त सांगायचं की आज आमच्याकडं नवख्या मुलीला लाल आहे. अर्ध्या मिनिटाचं काम. तिनं लाल निवडला होता.

आपल्याला वाटतं मुलांना कळत नाही. शाळेत हुशार बाकावर आणि ढ बाकावर बसवायचे तेव्हा आम्हालाही सगळं कळत होतं.

८. गाडीत कोच होऊ नका. सामन्यानंतर मी मुलीला घरी जाईपर्यंत काय चुकलं ते सांगायची. एकदा ती मागच्या सीटवरून म्हणाली, "आई, गाडीत आईच हो ना." तेव्हापासून गाडीत फक्त भूक लागली का, एवढंच विचारते.

९. पालकांना आधीच काम सांगून ठेवा. चौघांनी चार बाजूंनी 'शूट' म्हटलं की मुलगी गोंधळते. मी दोघांना पाळ्यांचा कागद आणि घड्याळ सांभाळायला देते, आणि बाकीच्यांना सांगते की आपल्या नव्हे तर शेजारच्यांच्या मुलीसाठी टाळ्या वाजवा. बहुतेक जण आनंदानं ऐकतात.

१०. त्या पहिल्या हिवाळ्याचा शेवटचा सामना मार्चच्या पहिल्या शनिवारी होता. तिसऱ्या डावात चेंडू कुणाच्या तरी हाताला लागून उडाला आणि डोळे मिटणाऱ्या त्या मुलीकडं आला. तिनं तो धरला. डोळे उघडे होते. समोरून तिघी तिच्यावर धावून आल्या, तेव्हा ती दोन पावलं गेली, एकदम दोन्ही पायांवर थांबली आणि जिमभर ऐकू जाईल असं स्वतःलाच ओरडून म्हणाली, "स्टॅच्यू!" धावून आलेल्या तिघीही दचकून थांबल्या. पंचानं शिट्टी तोंडाशी नेली होती ती खाली घेतली. तिनं मान वर करून इकडंतिकडं बघितलं, माझ्या मुलीला शोधलं आणि छातीपासून, दोन्ही हातांनी, चेंडू नीट तिच्या हातात दिला.