महिना झाला तरी शाळा परकीच का वाटते?

प्रश्न : माझी मुलगी गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीपर्यंत शिकली. यंदा जूनमध्ये तिला तासगावच्या एका हायस्कुलात आठवीला घातलं. रोज एसटीनं जाते-येते. अभ्यासाची फारशी तक्रार नाही, पण महिना होऊन गेला तरी घरी आली की गप्प. "तिथं माझं कुणी नाही," म्हणते. माझे सासरे तिच्यावर वैतागतात. ते स्वतः लहानपणी साताऱ्याला रयतच्या बोर्डिंगात होते. "आम्ही घरदार सोडून गेलो आणि पंधरा दिवसांत रुळलो, ही तर रोज रात्री आपल्या अंथरुणात झोपते," असं त्यांचं म्हणणं. त्या काळी परगावची पोरं एवढ्या लवकर कशी रुळायची? आणि आता शाळेनं किंवा आम्ही नेमकं काय करावं?
ता. क. : आठवीला संपूर्ण हिंदी घ्यावं की संस्कृत-हिंदी?
— एक आई, तासगाव तालुका

उत्तर : ताई, सासऱ्यांचं म्हणणं निम्मं खरं आहे. पंधरा दिवसांत रुळलो, हे साठ वर्षांनी सांगायला सोपं असतं. रात्री पांघरुणात तोंड खुपसून रडलेली, संधी साधून बोर्डिंगातून गावाकडं पळून आलेली पोरंही तेव्हा होतीच. ती पुढं आजोबा झाली तरी तो किस्सा नातवंडांना सांगत नाहीत, इतकंच. पण उरलेलं निम्मं मोलाचं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

त्या काळी तासगावकडची पोरं साताऱ्याला जायची यात नवल नव्हतं. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा निघेपर्यंत तासगाव सातारा जिल्ह्यातच होतं. सांगली हे नाव तर जिल्ह्याला १९६० मध्ये मिळालं. भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली १९१९ साली, कराड तालुक्यातल्या काले गावी. १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांचं बोर्डिंग उभं राहिलं आणि १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. धनिणीच्या बागेतल्या या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एका पंगतीला जेवायची. पैसे कमी पडले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. हे आपल्याकडं शाळेच्या प्रत्येक भाषणात येतं. भाषणात येत नाही ती गोष्ट तुमच्या प्रश्नाच्या जास्त जवळची आहे. तिथल्या नव्या मुलाला कुणी गुलाबाचं फूल दिलं नाही, त्याच्या हातात काम दिलं. स्वयंपाकाची पाळी, भांडी, झाडलोट, शेतातलं खुरपणं. भाकरी करायची पाळी ज्याची आहे तो पोरगा आजारी पडला, तर बाकीच्यांची पंचाईत व्हायची. म्हणजे तो तिथं नसला तर लोकांच्या लक्षात यायचं. "मी नसलो तर इथं काहीतरी अडेल," ही जाणीव मुलाला एकदा झाली की जागा परकी राहात नाही. सासऱ्यांना विचारून पाहा, बोर्डिंगातलं पहिलं काय आठवतं? मला वाटतं, ते एखाद्या धड्याच्या आधी कामाचीच गोष्ट सांगतील.

खुद्द भाऊरावांनाही परकेपणाचा अनुभव होता. कोल्हापुरात शिकताना ते जैन बोर्डिंगात राहायचे. अस्पृश्य मुलांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेले, परत आल्यावर आंघोळ करायला नकार दिला, आणि बोर्डिंगातून त्यांना बाहेर काढण्यात आलं. पुढं ज्या माणसानं एवढी वसतिगृहं काढली, त्याच्या विद्यार्थिदशेत हा प्रसंग आहे.

नाव दाखल झालं म्हणजे मूल शाळेचं झालं असं नसतं, याचा सर्वांत बोचरा पुरावाही साताऱ्यातच आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथल्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीच्या वर्गात एका मुलाचं नाव लिहिलं गेलं : भिवा रामजी आंबेडकर. आज ती शाळा प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि दाखल क्रमांक १९१४ ची ती नोंद जपून ठेवलेली आहे. नाव रजिस्टरात होतं, पण मुलगा वर्गात बाजूला, घरून आणलेल्या गोणपाटावर बसायचा. तहान लागली तर शिपायानं नळ सोडला तरच पाणी. बाबासाहेबांनी हे स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी शाळाशाळांतून वक्तृत्व, निबंध, प्रतिमापूजन असं सगळं होतं. मला मात्र दरवर्षी एक गोष्ट खटकते. हा दिवस एका नव्या विद्यार्थ्याच्या शाळेतल्या पहिल्या दिवसाचा आहे, आणि त्या दिवशी शाळेत जूनमध्ये नव्यानं आलेल्या मुलांना "बरं चाललंय ना?" एवढं विचारायचं कुणाला सुचत नाही. निबंध स्पर्धेतही बक्षीस बहुधा जुन्याच मुलांना.

आता तुमच्या मुलीकडं येऊ. तिची आणि त्या पोरांची तुलना करताना सासरे एक गोष्ट विसरतात. बोर्डिंगात सगळेच बाहेरचे होते. तुमच्या मुलीच्या वर्गात मात्र निम्म्याहून अधिक मुली पाचवीपासून तिथंच असतील. बाक ठरलेले, डब्याचे गट ठरलेले, टोपणनावं ठरलेली. सर एखाद्या जुन्या प्रसंगावरून बोलले की सगळा वर्ग हसतो आणि हिला का हसायचं ते कळत नाही. त्यात सेमी इंग्रजीची तुकडी असेल तर गणित आणि विज्ञानाचे शब्दही नवे. गावच्या शाळेत ती हुशार म्हणून ओळखली जात होती. इथं तिचं नाव पाठ व्हायलाच सरांना पंधरवडा लागतो.

आणि रोज घरी येते, हे सासऱ्यांना सुख वाटतं, तीच खरी अडचण आहे. शाळा आपली वाटावी असं जे काही शाळेत घडतं, ते बहुतेक शेवटची घंटा झाल्यावर घडतं. खो-खोचा सराव, गॅदरिंगच्या नाचाची तालीम, लेझीम, विज्ञान प्रदर्शनाची मांडामांड. हिचा पास अहिल्याबाई होळकर योजनेतून फुकट मिळतो हे खरं, पण गाडी तालमीसाठी थांबत नाही. ती गाठायची तर घंटा होताच दप्तर उचलून स्टँडकडं पळायचं. मग गटात नावं घेताना बाई विचारतात, "थांबशील का?" दोनदा "नाही" म्हटलं की तिसऱ्यांदा कुणी विचारत नाही. मुलगी बुजरी आहे असा शेरा बसतो. मुळात बुजरी नसतेच. तिची गाडी सव्वापाचची असते.

म्हणून मुख्याध्यापकांना भेटाल तेव्हा "आमच्या मुलीला सांभाळून घ्या" असं म्हणू नका. त्यानं ती आणखी पाहुणी होते. दोन गोष्टी मागा. पहिली, सराव आणि तालमी आठवड्यातून निदान दोनदा शाळेच्या वेळात घ्याव्यात. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर ठेवल्या तरी चालेल, तेव्हा पुढच्या गाडीला वेळ असतो. दुसरी, नव्या मुलांना जूनमध्येच कामं वाटून द्यावीत. खरी कामं, शोभेची नव्हेत. ग्रंथालयाची पेटी वर्गात आणणं, फळ्यावरचा सुविचार, प्रयोगशाळेतल्या काचसामानाची मोजदाद, पोषण आहार वाढण्याची पाळी. परिपाठाचंच घ्या. बातम्या कोण वाचतं, प्रार्थना कोण सांगतं? बहुतेक शाळांत तीच पाच-सहा धीट मुलं वर्षभर पुढं असतात. ती छान बोलतात, म्हणून त्यांनाच संधी. त्यांना संधी, म्हणून ती आणखी छान बोलतात. नव्या मुलीनं अडखळत बातमी वाचली तर काही बिघडत नाही. निदान आठशे मुलांना तिचं नाव कळेल.

पोषण आहाराचा विषय निघालाच आहे तर सांगतो. तो आठवीपर्यंतच्या मुलांना मिळतो. कुठं कुठं होतं असं, की गावाकडची मुलं शाळेतली खिचडी खातात आणि शहरातली घरचा डबा उघडतात. एकाच वर्गाच्या दोन पंगती. शिक्षक आपला डबा घेऊन त्या पंगतीत बसले तर आठवड्याभरात फरक पडतो, आणि त्याला शासन निर्णय लागत नाही.

साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाचं कामही पाहायचे. ते मुलांच्या खोल्या आवरायचे, कंदिलाच्या काचा पुसायचे हे सर्वांना माहीत आहे. मला त्यांची दुसरी गोष्ट अधिक कामाची वाटते. ते 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक काढायचे. रोज! आजच्या शाळेत वर्षाचा एक अंक निघतो, त्यातही पहिली दहा पानं पदाधिकाऱ्यांच्या फोटोंची. वर्गाच्या दारावर आठवड्याला एक हस्तलिखित पान लावलं आणि त्यात नव्या मुलांच्या गावची बातमी आली, सावळजच्या बाजाराची म्हणा किंवा मणेराजुरीच्या बागेतली म्हणा, तर जुन्या मुलांनाही तिला विचारायला काहीतरी मिळेल.

एक अमेरिकेतला प्रयोग सांगण्याजोगा आहे, कारण त्याला खर्च जवळजवळ शून्य आहे. मॅडिसन शहरातल्या ११ शाळांत सहावीला मोठ्या शाळेत नव्यानं आलेल्या मुलांना, आधीच्या वर्षी तिथूनच गेलेल्या विद्यार्थ्यांचे अनुभव वाचायला दिले. पहिले काही आठवडे आम्हालाही भीती वाटायची, सर ओरडतील वाटायचं, मधल्या सुट्टीत कुणाजवळ जावं कळायचं नाही. मग हळूहळू जमलं, असा त्यांचा सूर. मग नव्या मुलांनी स्वतःबद्दल थोडं लिहायचं. इतकंच. २०१९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या मुलांची गैरहजेरी कमी झाली, शिक्षेचे प्रसंग कमी झाले, गुणही थोडे सुधारले. यामागचं कारण साधं आहे. नव्या मुलाला वाटतं, बाकी सगळे मजेत आहेत आणि मीच इथं चुकून आलो. ही अवस्था सगळ्यांचीच असते आणि ती सरते, हे त्याला मोठ्या माणसानं सांगून पटत नाही, एक-दोन वर्षं पुढच्या मुलानं सांगितलं तर पटतं. आपल्याकडं नववीत अशी कितीतरी मुलं आहेत जी गेल्या वर्षी जिल्हा परिषदेच्या शाळेतून आली. मराठीच्या एका तासाला त्यांच्याकडून पानभर लिहून घ्यावं आणि ते आठवीत वाचून दाखवावं. पाहुणे बोलावून स्वागत समारंभ करण्यापेक्षा हे बरं. समारंभात नवी मुलं रांगेत उभी राहतात, आणि नवीन कोण हे सगळ्या शाळेला कळतं!

घरी काय करायचं? "मैत्रिणी झाल्या का?" असं रोज विचारू नका, नाही म्हणायला पोरीला लाज वाटते. "आज शेजारी कोण बसलं होतं?" विचारा. एकच नाव तीनदा आलं, की त्या मुलीला घरी बोलवा. ऋषिपंचमीला तासगावात गणपतीचा रथ निघतो. तुम्ही रथाला येणारच असाल, तर त्या दिवशी हिला वर्गातल्या मुलींबरोबर फिरू द्या, तुमच्या मागं मागं नको. गावच्याच दोन-तीन मुली वर्गात असतील आणि ही त्यांनाच चिकटून राहात असेल, तर त्यावरूनही रागावू नका. काही शिक्षक पहिल्याच आठवड्यात गावागावाचे गट फोडतात. मला ते घाईचं वाटतं. एक ओळखीचा खांदा शेजारी असला की बाकीच्यांकडं मान वळवायला धीर येतो.

आणि एक कळकळीची विनंती. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेत विरळणी, डिपिंगची धांदल उडते, मजूर मिळत नाहीत, आणि पोरांना "चार दिवस राहा घरी" म्हटलं जातं. नेमक्या त्याच दिवसांत, नोव्हेंबर-डिसेंबरात, शाळेत सहल ठरते, गॅदरिंगचे गट पडतात. बुडालेला अभ्यास वही मागून भरून काढता येतो. बुडालेली सहल कुणाच्या वहीतून उतरवायची? जानेवारीत ती परत जाईल तेव्हा सगळे ज्या गमतीवर हसत असतील, ती तिला पुन्हा माहीत नसेल.

किती दिवस लागतात, याला माझ्याकडं आकडा नाही. दिवाळीपर्यंत वाट पाहा. सुट्टीनंतरही सोमवारी सकाळी पोटात दुखतं, डबा तसाच परत येतो, गाडीत किंवा वर्गात कुणाचं नाव निघालं की ती गप्प होते, असं दिसलं तर ते न रुळणं नव्हे. कुणीतरी त्रास देत असू शकतं. तेव्हा मात्र वर्गशिक्षकांना थेट भेटा. शाळेत तक्रारपेटी असायलाच हवी आणि १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे, हे तिला आजच सांगून ठेवा.

ता. क. चं उत्तर : दोन्हींत गुण मिळतात. संस्कृतला पैकीच्या पैकी पडतात म्हणून निम्मा तालुका तिकडं पळतो, पण गावच्या शाळेत तिला संस्कृतचा गंधही नव्हता हे लक्षात घ्या. निवड तिला करू द्या. शेजारी बसणारी मुलगी घेते म्हणून तिनं विषय निवडला, तर सासरे चिडतील. त्यांना समजवायचं काम तुमचं.