काजूच्या बागेतला ताप

दोडामार्गात काजू वेचताना हात वाळक्या पानांच्या पातेऱ्यात घालावाच लागतो. गोचिडीचं खसखशीएवढं पिल्लू तिथेच असतं. ते चावल्याचं मला कळलंही नाही. कळला तो एकदम चढलेला ताप, कपाळातले ठणके आणि अंग पिळवटणारं दुखणं.

दवाखान्यात मलेरिया, डेंग्यू, लेप्टो तपासून झालं. बागेत जाता का, हे कुणी विचारलं नाही. ते विचारलं आमच्या आशाताईंनी. "वरच्या बागेत माकड मेलंय म्हणत होतात ना?" मग रक्त पुढे गेलं आणि माकडताप निघाला. म्हणून सांगते, डिसेंबर ते मे या काळात ताप आला तर रानात, बागेत गेल्याचं स्वतःहून सांगा. यावर नेमकं औषध नाही. सलाईन, विश्रांती आणि रक्तस्रावावर नजर, एवढंच. ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन मनाने घेऊ नका. ताप उतरल्यावर काहींना आठवड्या-दोन आठवड्यांनी तो उलटतो, मान आखडते, हात थरथरतात. तेवढे दिवस घरच्यांनी लक्ष ठेवायचं. शेजाऱ्यांनी मात्र घाबरू नये, माणसाकडून माणसाला हा होत नाही.

गावात राग माकडांवर निघाला. नारळ-केळी ओरबाडणाऱ्यांचा राग येणारच, पण या तापाने आधी मरतं ते माकडच. 1957 साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात वानरं मरू लागली, तेव्हा संशय पक्ष्यांवरही गेला होता. विषाणू रशियातल्या मेंदूज्वराच्या जातकुळीचा, म्हणून पक्षीतज्ज्ञ सालिम अलींच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने (बीएनएचएस) स्थलांतरी पक्ष्यांच्या पायांत कड्या घालून तपास केला. उत्तर सापडलं ते जमिनीवरच. रान तोडून शेतं झाली, गुरं आत चरू लागली, त्यांच्या रक्तावर गोचिडी वाढल्या. विषाणू उंदीर-चिचुंद्र्यांत टिकतो. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण कन्नडमध्ये काजूसाठी सदाहरित रान तोडलं आणि मोठी साथ आली. 2015 मध्ये ताप गोव्याच्या सत्तरीत पोचला, 2016 मध्ये आमच्याकडे. आमच्या डोंगरांवर काय तोडून काय लावलंय, ते आम्ही रोज बघतोच.

मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, पुरूही नका. वनखात्याला आणि आरोग्य केंद्राला कळवा, ते जागेवर औषध मारतात. बागेत जाताना हातापायांना गोचिडी दूर ठेवणारं डीएमपी तेल लावा, पायजमा मोज्यांत खोचा. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, आंघोळ करताना काखा, जांघा, कानांमागे बघा. गोचीड चिकटलीच असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. चिरडू नका, रॉकेल ओतू नका. आणि हंगामात गोठ्यात पातेरा पसरू नका. आमच्या घरी त्यावरून अजून वाद होतात, कारण पेंढा विकत घ्यावा लागतो.