साखरेच्या बेटाची सफर

गेल्या वर्षीं चैत्र महिन्यांत नववीच्या वर्गांत भूगोलाचा तास चालू असतां एका विद्यार्थ्यानें एक रंगीत चित्र आणून आमच्या मेजावर ठेविलें. चित्रांत समुद्रकांठचा रस्ता होता, रंग उडालेल्या उंच इमारती होत्या, आणि त्यांच्यापुढें एक लांबलचक निळी मोटार उभी होती. मोटारीशेजारीं एक वृद्ध गृहस्थ गिटार घेऊन गात बसले होते. "गुरुजी, हा देश कोणता?" असा प्रश्न झाला. आम्हीं नकाशा उघडून उत्तर व दक्षिण अमेरिका यांच्यामध्यें पसरलेला क्यारिबियन समुद्र दाखविला व त्यांतील सर्वांत मोठ्या बेटावर बोट ठेविलें. तें क्यूबा बेट होय.

मग प्रश्नांची रीघ लागली. तेथील मोटारी इतक्या जुन्या कां? तेथें रस्तोरस्तीं गाणें कां? इतक्यांत शेवटच्या बांकावरून तिसरा प्रश्न आला. विचारणारा मुलगा दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊंसतोडीस गेला होता व पांच महिन्यांनीं नुकताच शाळेंत परतला होता. क्यूबास जगाचें साखरेचें कोठार म्हणत असत, असें आमच्या तोंडून निघतांच त्यानें विचारिलें, "गुरुजी, तिथला ऊंस कोण तोडतं?"

हे तीन प्रश्न निरनिराळे आहेत असें त्या दिवशीं आम्हांस वाटलें. पुढें सुटींत पुस्तकें चाळूं लागल्यावर तिहींचें मूळ एकच आहे, असें आढळून आलें. आम्ही क्यूबा देशीं प्रत्यक्ष गेलेलों नाहीं. ही सफर नकाशा व पुस्तकें यांच्या आधारेंच केलेली आहे. तरी विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं घटकाभर आमच्याबरोबर यावें, अशी विनंती आहे.

प्रवासाचा मार्ग

कड्याहून निघावयाचें तर आरंभ आगगाडीनेंच करतां येतो. अहिल्यानगरापासून आष्टीपर्यंतचा लोहमार्ग २०२२ सालीं उतारूंस खुला झाला व २०२५ सालीं तो बीडपर्यंत पोहोंचला. अहिल्यानगराहून मुंबई गांठावी. तेथून विमानानें युरोपांतील माद्रिद शहरीं जावें. आणि दुसऱ्या विमानानें अटलांटिक महासागर ओलांडून क्यूबाची राजधानी हवाना येथें उतरावें. आपल्या शाळेंत सकाळची प्रार्थना होत असते, तेव्हां तेथें आदल्या दिवसाची रात्र असते.

हें बेट सुमारें साडेबाराशें किलोमीटर लांब असून रुंदीला फारच कमी आहे. त्याचें क्षेत्रफळ सुमारें १,१०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्शाहून किंचित् अधिक भरतें. तें कर्कवृत्ताच्या लगत दक्षिणेस आहे. हवा उष्ण, पाऊस पुरेसा आणि जमीन बव्हंशीं सपाट; उंसास याहून अधिक काय पाहिजे? कोलंबस १४९२ सालीं या किनाऱ्यास लागला, हवाना शहर १५१९ सालीं वसलें, आणि १८९८ पर्यंत बेटावर स्पेनचा अंमल राहिला.

आतां एक आश्चर्याची गोष्ट पाहा. बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी १८५३ सालीं धावली, हें आपण पाठ करितों. परंतु क्यूबांत हवानाहून बेहुकाल गांवाकडे जाणारा लोहमार्ग १८३७ सालींच सुरू झाला होता. खुद्द स्पेन देशांत पहिली आगगाडी त्यानंतर अकरा वर्षांनीं, १८४८ सालीं, सुरू झाली. धन्याच्या घरीं जें नव्हतें तें त्याच्या वसाहतींत आधीं कां आलें? कारण मळ्यांतील साखर बंदरावर लवकर पोहोंचवावयाची होती. आमच्या शोधांतील ही पहिली खूण.

जुन्या मोटारी

हवानाच्या रस्त्यांवर सत्तर सत्तर वर्षांच्या शेव्हरोले, फोर्ड, ब्युइक, डॉज व प्लिमथ मोटारी आजही दिसतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत क्यूबाच्या साखरेचें सर्वांत मोठें गिऱ्हाईक अमेरिका हें होतें. साखर उत्तरेस जाई आणि तिच्या पैशांतून मोटारी दक्षिणेस येत. १ जानेवारी १९५९ रोजीं क्रांति झाली व फिडेल कास्त्रो यांच्या पक्षाच्या हातीं सत्ता आली. दोन्ही देशांत वितुष्ट वाढलें. १९६० सालीं अमेरिकेनें क्यूबाची साखर घेणें थांबविलें, त्याच वर्षीं आपला बहुतेक माल तेथें पाठविण्यास बंदी केली, आणि १९६२ सालीं व्यापारबंदी पूर्ण झाली. नवी मोटार येईना, व जुनीचा सुटा भागही मिळेना. शिवाय २०११ पर्यंत तेथील नागरिकांस क्रांतीपूर्वींच्याच मोटारींची मोकळेपणानें खरेदी-विक्री करतां येत असे.

तेव्हां मोटारी चालविण्याचें काम मिस्त्र्यांच्या हातांवर आलें. अमेरिकन सांगाड्यांत रशियन गाडीचें इंजिन बसवावें, मोडलेला भाग कानशीनें घांसून नवा घडवावा, पत्रा ठोकून सरळ करावा, असें करीत त्यांनीं या मोटारी पिढ्यान् पिढ्या रस्त्यावर ठेविल्या. त्यांतील कित्येक ठरलेल्या मार्गावर उतारू घेऊन धांवतात. त्यांच्या आकारावरून त्यांस 'आल्मेंद्रोन', म्हणजे मोठा बदाम, असें म्हणतात. आष्टीच्या रस्त्यावर काळीपिवळी जीप ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस या व्यवस्थेविषयीं अधिक सांगणें नको.

हा देखावा आपणांस अगदींच परका आहे असें नाहीं. १८८२ सालीं सोलापुरांत जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनीं इंदापूर तालुक्यांत उंसाचे मळे व साखरेचा कारखाना वाढविला. त्या ठिकाणास आज वालचंदनगर म्हणतात. याच गृहस्थांनीं १९४४ सालीं मोटारी तयार करणारी प्रीमियर कंपनी काढिली, आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत प्रथम ज्या मोटारी जोडल्या गेल्या त्या अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या डॉज व प्लिमथ याच होत्या. पुढें इटालीच्या फियाट कंपनीच्या नमुन्यावर तेथें जी मोटार निघाली, तिलाच पद्मिनी हें नांव मिळालें. परदेशी मोटारींची आयात जवळजवळ बंद व देशांत कारखाने मोजके, म्हणून हा एकच नमुना दशकानुदशकें चालला. मुंबईच्या टॅक्सीस वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळें, ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून निघून गेली. मुंबईंत नव्या गाड्या मिळूं लागल्यावर जुन्या सुटल्या. हवानांत नव्या मिळाल्या नाहींत म्हणून जुन्या टिकल्या. मिस्त्र्याच्या कौशल्याची वाहवा करावी. परंतु पाहुण्यास जी शोभा वाटते ती घरच्या माणसाची अडचण असूं शकते, हेंही प्रवाशानें विसरूं नये.

गायन व वादन

आतां दुसरा प्रश्न. क्यूबाच्या गाण्याचा पाया आफ्रिकेचा आहे व त्यावरील बांधकाम स्पेनचें आहे, असें थोडक्यांत म्हणतां येईल. उंसाच्या मळ्यांवर राबण्यासाठीं आफ्रिकेंतून लाखों माणसें गुलाम करून आणिलीं. त्यांचीं घरेंदारें गेलीं, नांवें गेलीं, परंतु बोटांतील ताल गेला नाहीं. बेटाच्या पूर्व भागांत स्पॅनिश धर्तीचें तंतुवाद्य व आफ्रिकन धर्तीचीं तालवाद्यें एकत्र येऊन 'सोन' नांवाचा गानप्रकार निर्माण झाला. हवाना व मातांझास या बंदरांतील हमालांच्या वस्त्यांत 'रुम्बा' वाढला. ढोल नसेल तेव्हां ते लोक मालाच्या रिकाम्या खोक्यांवर थाप देत. या रुम्ब्यास २०१६ सालीं युनेस्कोनें मानवजातीच्या वारशांत गणिलें.

या संगीताची किल्ली म्हणजे 'क्लावे', कठीण लांकडाच्या दोन लहान कांड्या. त्या एकमेकींवर आपटून पांच ठोक्यांचा एक ताल सबंध गाण्यांत अखंड राखितात. एका अर्ध्यांत तीन ठोके, दुसऱ्या अर्ध्यांत दोन. वर्गांत अर्ध्या मुलांनीं सरळ चार मात्रा मोजाव्या व अर्ध्यांनीं बांकावर हे पांच ठोके द्यावे, म्हणजे त्यांतील मौज तत्काळ कळेल. आम्हीं हा प्रयोग करून पाहिला. शेजारच्या वर्गाची तक्रार आली, एवढें मात्र खरें.

क्यूबाचें 'बोंगो' हें जोड-ढोलकें आपल्या कानांवर केव्हांच येऊन गेलें आहे. शेजारच्या जिल्ह्यांतील पुणतांबें येथें १९१८ सालीं जन्मलेले संगीतकार सी. रामचंद्र यांनीं १९५१ च्या 'अलबेला' या बोलपटांत बोंगो, ट्रंपेट, क्लॅरिनेट इत्यादि वाद्यें मोठ्या खुबीनें वापरिलीं. त्या काळीं मुंबईच्या वाद्यवृंदांत पुष्कळसे वादक गोमंतकांतील असत. त्यांतील अनेकांनीं लहानपणीं तेथील चर्चच्या शाळेंत व्हायोलिन व स्वरलेखन यांचे धडे घेतले होते. आंतोनियो शाविएर वाझ, ज्यांस लोक चिक चॉकलेट म्हणत, ते आपल्या वाद्यवृंदासह 'अलबेला'च्या पडद्यावरही दिसतात. आफ्रिकेंतून क्यूबांत, क्यूबांतून अमेरिकेंत, आणि तबकड्यांच्या द्वारें मुंबईंत, असा या तालाचा प्रवास आहे.

परंतु गाणाऱ्यांची स्थिति कशी? इब्राहिम फेरेर हे उत्तम गायक. उतारवयांत त्यांचें गाणें मागें पडलें व जोडे पुसून ते गुजारा करीत. १९९६ सालीं हवानांत कांहीं वृद्ध कलावंतांस एकत्र करून 'बुएना व्हिस्टा सोशल क्लब' हा ध्वनिमुद्रणसंग्रह तयार झाला. त्यांत फेरेर गाइले, आणि वयाच्या सत्तरीस टेकलेले हे गृहस्थ जगप्रसिद्ध झाले. तोंपर्यंत त्यांच्याच शहरांतील कितीजण त्यांच्या पुढ्यांत पाय ठेवून निघून गेले असतील, कोण जाणे.

उंसाचा फड

मोटारी साखरेच्या पैशानें आल्या. ताल साखरेसाठीं आणिलेल्या माणसांनीं आणिला. आतां शेवटच्या बांकावरील प्रश्न उरला.

शेजारच्या हैतींत १७९१ सालीं गुलामांनीं बंड केल्यावर तेथील साखरेचा धंदा बुडाला व तो क्यूबानें उचलला. त्रिनिदाद नांवाच्या जुन्या शहराजवळ उंसाच्या खोऱ्यांत एक उंच मनोरा अद्याप उभा आहे. त्याच्या घंटेवर गुलामांचें काम सुरू होई व संपे, आणि वरून त्यांच्यावर पाळत ठेविली जाई. आज प्रवासी हौसेनें तो मनोरा चढतात. १८४७ पासून चीन देशांतून एक लाखाहून अधिक मजूर करारानें आणिले गेले. त्यांची दशा गुलामांहून फारशी निराळी नव्हती. १८८६ सालीं गुलामगिरी कायद्यानें संपली. पुढें हैती व जमेका येथून हंगामापुरते मजूर येऊं लागले. तोडणीच्या हंगामास तेथें 'साफ्रा' म्हणतात. तो संपला कीं मजुरांस काम नसे. त्या महिन्यांस ते लोक 'मेलेला काळ' म्हणत.

क्रांतीनंतर १९७० सालीं सरकारनें शंभर लाख टन साखरेचा संकल्प सोडिला. शहरांतील कारकून व विद्यार्थीही कोयते घेऊन फडांत उतरले. उत्पन्न सुमारें पंचाऐंशीं लाख टन झालें. त्यानंतर तोडणीचें बरेंचसें काम यंत्रांकडे गेलें. परंतु चढ्या दरानें साखर घेणारें सोव्हिएत राज्य १९९१ सालीं लयास गेलें, २००२ सालीं सुमारें निम्मे कारखाने बंद करण्याचें ठरलें, आणि २०२३ च्या सुमारास उत्पन्न साडेतीन लाख टनांच्या आसपास आलें. साखरेच्या कोठारास अलीकडे बाहेरून साखर आणावी लागली आहे. २०२४ सालीं तर सबंध देशाची वीज जाण्याचे प्रसंग आले. एकाच पिकावर संसार उभारणाऱ्या देशाची ही कथा आहे.

हें वाचीत असतां आमचें लक्ष वारंवार कड्याकडे वळे. प्रवरानगर येथें १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना सुरू झाला व त्यामागून महाराष्ट्रांत शेंकडों धुराडीं उभीं राहिलीं. त्यांस ऊंस पुरविण्यासाठीं आपल्या जिल्ह्यांतून दर वर्षीं लाखों माणसें घर सोडितात. मुकादम उचल देतो. नवराबायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. मोळ्या बांधून, डोक्यावर वाहून, रात्रीबेरात्रीं गाडी भरावी लागते. आणि कोपीच्या दाराशीं धाकट्या भावंडांस सांभाळीत शाळेचें वर्ष निघून जातें. पावसाळ्यांत कोरडवाहू शेतीवर भागलें नाहीं कीं पुन्हा उचल. आपले लोक गुलाम नाहींत. तथापि 'मेलेला काळ' या शब्दांचा अर्थ आमच्या वर्गांत त्या मुलाइतका कोणासही लवकर कळला नाहीं.

त्याचा बुडालेला अभ्यास भरून निघावा म्हणून आम्हीं त्यास वह्या उतरून काढावयास सांगितलें होतें. तो मागें पडलेला विद्यार्थी आहे, अशीच आमची समजूत होती. नंतर एके दिवशीं आम्हीं त्यास फळ्यापाशीं उभें करून मोळी कशी बांधितात, ऊंस बुडाशीं कां तोडावा, वाढें कशाच्या उपयोगी पडतें, हें सांगावयास लाविलें. सबंध वर्ग ऐकत राहिला, आणि आम्हीही ऐकत राहिलों. गरिबींतून कौशल्य येतें, गाणेंही येतें; म्हणून गरिबी चांगली, असें मात्र कोणीं समजूं नये. पालकांस आमची एवढीच विनंती आहे कीं, फडावर जाणें टळत नसेल तर मुलांस आजीआजोबांपाशीं अथवा वसतिगृहांत ठेवून जावें. ऊंसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठीं वसतिगृहांची योजना शासनानें २०२१ सालीं मंजूर केली आहे; तिची चौकशी करण्यास शाळा साह्य करील.

आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकीं कोणी पुढें खरोखर हवानास गेलाच, तर निळ्या मोटारींत अवश्य बसा, गाणेंही ऐका. परंतु परततांना एखाद्या म्हाताऱ्या माणसास विचारा कीं, "बाबा, तुमच्या तरुणपणीं येथला ऊंस कोण तोडीत असे?" त्यानें कडा कोठें आहे असें विचारिलें तर त्यास नकाशावर दाखवून द्या.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. क्यूबांत स्पेनच्याही आधीं आगगाडी कां सुरू झाली?
२. हवानांत जुन्या मोटारी टिकल्या व मुंबईंत टिकल्या नाहींत, याचीं कारणें सांगा.
३. आपल्या गल्लींतील ऊंसतोडीस जाणाऱ्या एका कुटुंबास भेटून त्यांच्या हंगामाची हकीकत वहींत लिहा.