अद्भुत डेम्लो संख्या

१२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या नीट पाहा. तिचे अंक एकापासून नवापर्यंत पायरीपायरीने चढतात आणि तसेच पुन्हा एकापर्यंत उतरतात. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एकंपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत, त्यांपैकी सतराव्या, ‘मध्य’ नामक स्थानावर या संख्येचा डावीकडील पहिला अंक बसतो. परार्ध गाठावयास एकच घर उरते!

अशा संख्यांचा छंद दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी जन्मभर जोपासला. त्यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीस शाळेत शिक्षक होते. डोंबिवलीच्या रेल्वे स्थानकावर या संख्यांचा विचार त्यांना सुचला, म्हणून त्या स्थानकाच्या जुन्या नावावरून त्यांनी त्यांस ‘डेम्लो’ म्हटले. आपल्या देशातील कित्येक गणितज्ञ त्यांच्या कामास पोरखेळ समजून हसत. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात त्याविषयी लिहिले, तेव्हा त्यांचे नाव दूरदेशी पोहोचले.

हा खरोखरच पोरखेळ आहे काय, ते आपणच पाहू. ११ चा वर्ग १२१ आणि १११ चा वर्ग १२३२१ होतो. असेच पुढे जाता नऊ एकांच्या, म्हणजे १११११११११ च्या वर्गातून आपली संख्या निघते. तो गुणाकार पाटीवर मांडा. नऊ ओळी येतील. प्रत्येक ओळीत नऊ एक, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीहून एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडच्या पहिल्या स्तंभात एकच एक आहे, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. मधल्या स्तंभात नऊ, आणि तेथून पुन्हा उतार. पायऱ्यांचे रहस्य एवढेच.

मांडलेले एक एकूण ९ × ९, म्हणजे ८१. कोठेही हातचा येत नसल्यामुळे त्यांतील एकही हरवत नाही. म्हणून उत्तरातील अंकांची बेरीजही ८१ च येते. शिवाय या संख्येस ८१ ने निःशेष भाग जातो. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, आणि तोही १२३४५६७९ चा वर्ग! (येथे आठ मात्र गैरहजर आहे.) ज्या संख्येस तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो, तिला कापरेकरांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी, असे सुंदर नाव दिले.

आता दहा एक घ्या. मधल्या स्तंभात दहा एक येतात. तेथे शून्य मांडून हातचा एक शेजारी द्यावा लागतो. शेजारी नऊ असल्याने तेथेही दहा होतात. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ येते आणि पायऱ्या मोडतात. प्रत्येक हातच्याच्या वेळी दहा एक देऊन एक मिळतो, म्हणजे नऊ कमी होतात. हातचे दोन, म्हणून शंभरांतून अठरा गेले. अंकांची बेरीज ८२.

अकरा एकांच्या वर्गात हातचे किती वेळा येतील? गुणाकार पूर्ण न करता अंकांची बेरीज सांगता येते का, ते पाहा.